ट्यूब आली, ट्यूब गेली

अर्धा डांबरी आणि अर्धा खडीचा रस्ता असेल तर ट्यूबलेस टायर कोणता घ्यावा, असं हल्ली तरुण मंडळी मला विचारतात. मी वाईच्या एका सायकल दुकानदाराचा मुलगा. पुढे जन्मभर बँकेत आकडेमोड केली तरी सायकल सुटली नाही, एवढीच माझी पात्रता. त्यांना कंपनीचं नाव आणि एक आकडा हवा असतो. मी सुरुवात करतो १८८९ सालच्या एका बैलगाडीपासून, आणि ती चुळबुळ करायला लागतात. करोत बापडी. पंक्चर झाल्यावर ते कोणी काढायचं, कुठे काढायचं आणि त्यात किती वेळ घालवायचा, हे ठरवल्याशिवाय टायर ठरत नाही. आणि हे भांडण त्या बैलगाडीपासून चालू आहे.

बैलगाडी आली ती फ्रान्समधल्या क्लेर्माँ-फेराँ गावात, मिशेलिन बंधूंच्या रबर कारखान्याच्या दाराशी. गाडीत एक सायकल आणि तिचा वैतागलेला मालक. सायकलीला डनलॉपचे नवे हवेचे टायर होते, आणि ते रिमला चिकटवलेले होते. पंक्चर काढायचं म्हणजे आधी सगळा टायर खरवडून सोडवायचा, मग भोक बुजवायचं, मग पुन्हा चिकटवायचं. कारखान्यातल्या माणसांचे तीन तास त्यात गेले आणि गोंद वाळायला रात्र गेली. दुसऱ्या दिवशी एदुआर मिशेलिनने स्वतः सायकल चालवून पाहिली. काहीशे मीटरवर पुन्हा हवा गेली. दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, नको ती भानगड. एदुआरच्या मनाने घेतलं ते उलटंच: हवा उत्तम आहे, तिला बांधायची पद्धत वाईट आहे.

हवेचा टायर करणारा जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर, मूळचा स्कॉटिश. पोराची तीनचाकी सायकल दगडी फरसबंदीवरून खडखडत जायची, तिला काहीतरी करावं म्हणून १८८७ मध्ये त्याने एका लाकडी चकतीभोवती पातळ रबराची नळी बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. मग ती चकती आणि पोराच्या सायकलीचं भरीव रबराचं चाक, दोन्ही अंगणातून एकेकदा लोटून दिली. भरीव चाक मध्येच लवंडलं, हवेचं चाक अंगणाच्या टोकाला जाऊन फाटकावर आदळलं. प्रयोग म्हणावा तर असा: खर्च जवळपास शून्य आणि निकाल पोरालाही कळेल असा. पुढच्या वर्षी पेटंट झालं. मे १८८९ मध्ये विली ह्यूम नावाच्या गड्याने बेलफास्टच्या शर्यतीत हे जाडजूड टायर आणले. ह्यूमकडून हरलेल्यांत हार्वे द्यू क्रो यांचे मुलगे होते. बापाने मुलांची समजूत घालत बसण्याऐवजी डनलॉपच्या टायरची कंपनी काढायला हात लावला.

गंमत म्हणजे हा शोध आधीच लागलेला होता. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं: आत रबर लावलेलं कापड, बाहेर चामडं. घोडागाड्यांना ती चाकं लावून त्याने लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये दाखवली. पण सायकलच नव्हती, तर टायर घेणार कोण? १८९० मध्ये थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आलं आणि डनलॉपचं पेटंट कुचकामी ठरलं. कंपनी मात्र तरली, कारण तिने दुसऱ्यांची दोन पेटंटं हाताशी घेतली. त्यातलं चार्ल्स वेल्चचं पेटंट माझ्या वडिलांच्या पोटापाण्याचं होतं, हे मला फार उशिरा वाचून कळलं. टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार, रिमला मध्ये खोलगट, आणि आत सुटी ट्यूब. तारेची एक बाजू खोलगट भागात ढकलली की दुसऱ्या बाजूला ढील मिळते आणि कड रिमवरून उतरते. आजतागायत जगभरातले बहुतेक सायकलटायर याच युक्तीवर चढतात आणि उतरतात.

वडील दोन पान्यांनी टायरची एक कड उतरवायचे, ट्यूब ओढून बाहेर काढायचे, तिच्यात थोडी हवा मारायचे आणि घमेल्यातल्या पाण्यात वीतवीत सरकवत दाबून धरायचे. बुडबुडे दिसले की तिथे कॉपिंग पेन्सिलीची फुली. मग कानशीने घासायचं, सोल्युशनचा पातळ हात द्यायचा आणि ते वाळू द्यायचं. फुंकर मारून वाळवलेलं त्यांना चालत नसे. तोंडाची वाफ बसते आणि पॅच सुटतो, हे त्यांचं म्हणणं. जुन्या ट्यूबचा गोल कापलेला तुकडा बसवून वर हातोडीचे हलके ठोके. शेवटी टायरच्या आतून बोटं फिरवायची. ही पायरी शिकाऊ पोरं विसरत, आणि आत राहिलेला बाभळीचा काटा संध्याकाळी गिऱ्हाइकाला परत दुकानात आणून सोडत असे. पंक्चर काढणं पाच मिनिटांचं, काटा शोधणं खरं काम.

मिशेलिन बंधूंचा सुटा टायर १८९१ मध्ये तयार झाला. रिमला तो बोल्टांनी आवळायचा, म्हणजे वेल्चइतका सुटसुटीत नव्हे, पण रात्रभराचं काम पाव तासावर आलं. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘ल पेती जुर्नाल’ या दैनिकाने पॅरिसहून ब्रेस्त आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत भरवली. शार्ल तेराँ मिशेलिनच्या टायरवर, जिएल-लाव्हाल डनलॉपच्या. तेराँला वाटेत पंक्चर झालीच. पण पंक्चरसाठी थांबायला लागणारा वेळ हाच आता शर्यतीचा हिशोब झाला होता, आणि झोपलेल्या लाव्हालला मागे टाकून तो सुमारे ७१ तासांत पॅरिसला पोचला. हीच वाट आजही दर चार वर्षांनी ९० तासांच्या मर्यादेत पुरी करायची असते आणि पुण्यामुंबईची मंडळी तिथे जाऊन येतात. त्यांच्या सामानातली टायरची पिशवी पाहिली की मला तेराँ आठवतो.

आता अमेरिकेकडे वळतो, कारण माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत दुर्लक्षित माणूस तिथे आहे. ऱ्होड आयलंडच्या पार्डन टिलिंगहास्टने १८९३ मध्ये एका टायरचं पेटंट मिळवलं ज्यात ट्यूबच नव्हती. कापड आणि रबर एकत्र भाजून केलेली एकसंध गोल नळी, तीच ट्यूब आणि तोच टायर, रिमला चिकटवलेली. कर्नल अल्बर्ट पोप हा तिथल्या सायकलधंद्याचा सम्राट, त्याच्या हार्टफर्डच्या कारखान्याने हे टायर पुढे आणले आणि अमेरिकेने ते उचलले. स्वस्त, हलके, करायला सोपे. पंक्चर झालं तर टायर उतरवायचा नाही. बाहेरूनच भोकात सोल्युशन सोडायचं आणि सुईने रबराची गुंडी किंवा रबरबँडचा झुबका आत खुपसायचा. बारीक काट्यांसाठी बफेलो शहरात ‘नेव्हरलीक’ नावाचं औषध मिळायचं. व्हॉल्व्हमधून ते आत सोडलं की भोकाशी जाऊन घट्ट व्हायचं.

म्हणजे ज्याच्यासाठी आज आपण चार पैसे जास्त मोजतो ते सगळं तेव्हाच होतं: ट्यूब नाही, आत पातळ द्रव, बाहेरून खुपसायची गुंडी. माझ्या ओळखीचे सायकलवाले हे मानायला तयार नसतात. त्यांना वाटतं ही गेल्या वीसेक वर्षांतली करामत.

मग तो टायर का गेला? टायर चिरला की आत हात घालायला वाटच नव्हती, आणि तो फेकून द्यावा लागे. मोठी माणसं मोटारीकडे गेली, सायकल पोरांच्या हाती आली, आणि पोरं चिकटवलेल्या टायरची काळजी घेत नाहीत. शेवटी १९३३ मध्ये शिकागोच्या फ्रँक श्विनने २.१२५ इंच जाडीचा, आत सुटी ट्यूब असलेला ‘बलून’ टायर बाजारात आणला. टायर कंपन्या नाखूश होत्या, पण थोड्याच वर्षांत सगळी अमेरिका त्यावर बसली. ट्यूब परत आली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सायकलींची ही लाट चालली होती त्या वर्षांत रबर येत होतं ते जंगलातून. बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या खासगी मालकीच्या काँगोत गावोगाव रबराचा कोटा ठरलेला होता. तो भरला नाही तर बायकांना ओलीस धरत, माणसांना मारत, हात तोडत. रॉजर केसमेंटचा अहवाल १९०४ मध्ये छापून आला तेव्हा युरोपातल्या सज्जन सायकलस्वारांना आपण कशावर बसून फिरतो ते समजलं. पुढे सिलोन, मलाया आणि केरळातल्या मळ्यांचं रबर आलं आणि रानातलं रबर मागे पडलं. टायरच्या इतिहासाच्या पुस्तकांत डनलॉपच्या अंगणाला पानंच्या पानं मिळतात, काँगोला एखादा परिच्छेद. मीही इथे तेवढाच दिला आहे.

रस्त्यांचं पाहू. अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या संघटनेने, म्हणजे १८८० मध्ये न्यूपोर्टला स्थापन झालेल्या लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेनने, चांगल्या रस्त्यांसाठी आरडाओरडा केला, मासिक काढलं, सरकारं हलवली. रस्ते झाले आणि त्यावर मोटारी धावल्या. युरोपात डांबर जसजसं पसरलं तसतसा शर्यतीचा टायर बारीक आणि कडक होत गेला. शर्यतवाले ट्यूबभोवती शिवलेला, रिमला चिकटवायचा टायर वापरत. टूर द फ्रान्सच्या जुन्या छायाचित्रांत खांद्यावरून इंग्रजी आठच्या आकड्यात गुंडाळलेले सुटे टायर दिसतात ते हेच. सोडवायचा, नवा चढवायचा, आणि फाटलेल्याची शिवण रात्री उसवत बसायचं.

पण फ्रान्समध्येच सेंत-एतिएन गावात पॉल द विवी नावाचा माणूस होता, ‘वेलोसियो’ या टोपणनावाने लिहिणारा. १८८७ पासून तो सायकलीचं मासिक चालवत होता. त्याचं म्हणणं, डोंगरातल्या खडीच्या रस्त्यांवर गिअर हवेत आणि टायर जाड, मऊ हवेत. शर्यतवाले हसले. टूरचा संस्थापक आंरी देग्रांज याला तर गिअर म्हणजे म्हाताऱ्यांची सोय वाटे, आणि टूरमध्ये गिअर यायला १९३७ उजाडलं. जाड टायरांना त्याहून बराच जास्त काळ थांबावं लागलं, आणि त्याचं एक कारण मजेशीर आहे. टायर किती जोर खातो हे प्रयोगशाळेत गुळगुळीत लोखंडी ड्रमवर फिरवून मोजत. ड्रमवर खडी नसते आणि त्या चाकावर हाडामांसाचा माणूस बसलेला नसतो. त्यामुळे हवा जितकी कडक तितका टायर वेगवान, असा निकाल दर वेळी यायचा. खऱ्या रस्त्यावर कडक टायर दगडादगडाला उडतो, ती थरथर हातांतून, पाठीतून, मांड्यांतून जिरते, आणि त्यात तुमचाच जोर खर्ची पडतो. अमेरिकेतल्या ‘बायसिकल क्वार्टर्ली’च्या यान हाइनेने माणूस बसवून, खऱ्या रस्त्यावर मोजमापं घेतली. खडबडीत रस्त्यावर रुंद, मऊ टायर मागे पडत नाही, हे आकड्यांत दिसलं. वेलोसियो १९३० मध्ये ट्रामच्या धक्क्याने गेला. त्याला हे आकडे पाहायला मिळाले नाहीत.

ट्यूबलेसची दुसरी खेप आधी मोटारीत आली. बी. एफ. गुडरिच कंपनीने १९४७ मध्ये तो जाहीर केला आणि १९५५ पर्यंत अमेरिकेतल्या नव्या गाड्यांना तोच बसू लागला. सायकलीला तो यायला आणखी चाळीसेक वर्षं का लागली? मोटारीची रिम म्हणजे अखंड पत्रा. सायकलीच्या रिमला तारांसाठी तीसेक भोकं, आणि प्रत्येकातून हवा पळणार. शिवाय टायरची कड रिमच्या कडेला इतकी चपखल बसायला हवी की वळणावर सुटू नये. फ्रान्सच्या माविकने मिशेलिन आणि हचिन्सन यांच्याबरोबर १९९९ मध्ये माउंटन बाइकसाठी ‘यूएसटी’ आणलं: बंद रिम, ठरलेल्या मापाची कड. जड होतं आणि महाग होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टॅन कोझियाटेकने मग साध्या रिमची भोकं पट्टीने बंद करून आत पातळ लॅटेक्स ओतायची पद्धत काढली आणि २००१ पासून तिचा धंदा केला. नेव्हरलीकच्या बाटलीची ही पणती.

या द्रवाचं काम एकदा काचेच्या बाटलीत पाहण्यासारखं आहे. पाण्यात तरंगणारे रबराचे सूक्ष्म कण, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून थोडा अमोनिया, आणि भोकात अडकायला भुकटी. चाक फिरतं तसा द्रव आतल्या बाजूला पसरलेला राहतो. काटा निघाला की हवेबरोबर तो भोकातून धावतो, भुकटी अडकते, अमोनिया आणि पाणी उडतं आणि रबर साकळतं. रस्त्यावर पांढरा फवारा उडतो, एकदोन फेऱ्यांत थांबतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मात्र हा द्रव दोनतीन महिन्यांत वाळून टायरच्या आत साय धरतो, आणि मग गाफील माणसाची ट्यूबलेस सायकल बिनट्यूबचीही राहते आणि बिनहवेचीही.

२००६ मध्ये दोन गोष्टी घडल्या. हचिन्सन आणि शिमानो यांनी रस्त्याच्या सायकलीसाठी ट्यूबलेस आणला. आणि अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावात चौतीस जणांनी २०० मैलांची खडीच्या रस्त्यावरची शर्यत केली, आज जिला अनबाउंड म्हणतात. तिथल्या फ्लिंट हिल्समध्ये गारगोटीसारखा दगड आहे, एके काळी ज्याची बाणाची टोकं करत तो. तो टायरच्या बाजू वस्तऱ्यासारखा चिरतो. हजारो सायकलस्वार तिथे जायला लागल्यावर टायर कंपन्यांना जाग आली आणि ‘ग्रॅव्हल’ टायरांची रांग लागली: ३५, ३८, ४०, ४५ मिलिमीटर. पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत आणखी एक शत्रू भेटतो, त्याला तिकडे गोटहेड म्हणतात. तो आपला सराटा. मूळ जुन्या जगातला, तिकडे जाऊन माजलेला. माण-फलटणकडच्या बांधावर ज्याने अनवाणी पाय ठेवला आहे त्याला तिकडच्या बोईसी शहरातल्या सायकलवाल्याचं दुःख समजावून सांगावं लागणार नाही.

आणि आता ते माप, ज्याच्यापायी मी ही सगळी वरात काढली. आमच्या दुकानात टांगलेल्या टायरांवर ‘२८ गुणिले १½’ छापलेलं असायचं. इंग्रजांच्या रोडस्टरचं हे माप हिंदुस्थानात आलं आणि ठाण मांडून बसलं. हुगळीकाठच्या साहागंजला डनलॉपचा कारखाना निघाला, पुढे लुधियानाचे टायर आले, माप तेच. आजच्या युरोपीय पद्धतीने ते लिहायचं तर ४०-६३५: रुंदी ४० मिलिमीटर, तार बसते तो व्यास ६३५. चाळीस! कॅन्सससाठी कंपन्यांनी शोधून काढलेली रुंदी, दोन्ही बाजूंना कॅन लटकवून बांधावरून येणाऱ्या दूधवाल्याच्या चाकाखाली कायम होती. त्याचा रस्ताही तसाच: मैलभर पांद, मग खडी, मग बाजारपेठेतलं डांबर. फरक आहे तो कापडात. दूधवाल्याच्या टायरचं कापड जाड आणि ताठ, ओझं पेलायला केलेलं. महाग टायरचं सूत बारीक असतं, ते खड्याभोवती वाकतं आणि पुढे सरकतं. रुंदी आपल्याकडे होती, मऊपणा नव्हता.

म्हणून विचारणाऱ्याला मी आधी कापडाबद्दल विचारतो, नक्षीबद्दल नंतर. निम्मं डांबर आणि निम्मी खडी असेल तर मध्ये जवळजवळ सपाट आणि कडेला थोडी उठावाची नक्षी पुरे. उंच बटणांचा टायर डांबरावर घों घों करत जोर खातो आणि आपल्या खडीवर फारसं काही देतही नाही, कारण सुटी खडी टायरखालून सरकते ती नक्षीला विचारून नाही. चिखलाचं वेगळं. पावसाळ्यात कासच्या बाजूला जांभ्याच्या लाल वाटेवर जायचं असेल तर बटणं हवीत, नाहीतर चालत जा. रुंदी ३८ ते ४२, फ्रेममध्ये चिखलापुरती फट ठेवून. सत्तरेक किलोच्या माणसाने चाळीसच्या टायरला पुढे तेहतीस-चौतीस आणि मागे सदतीस-अडतीस पीएसआय ठेवून पाहावं आणि तिथून एकेक कमीजास्त करावं. आणि रिमवर नजर ठेवा. हल्लीच्या काही रिमना आत वळलेली कडच नसते. अशा रिमवर टायर ७२ पीएसआयपुढे फुगवायचा नाही आणि हुकशिवायच्या रिमला चालतो असं टायरवर छापलेलं असल्याशिवाय तो चढवायचा नाही. वेल्चची तार तिथेही आहे, पण तिला अडवणारा ओठ काढून घेतला आहे. वजनातली काही ग्रॅम वाचतात म्हणतात. माझ्या सायकलीला मी ओठवाल्या रिम ठेवल्या आहेत.

एक सुटी ट्यूब मात्र जवळ ठेवाच. बाजू चिरली की द्रव, गुंडी सगळं व्यर्थ. मग चिरेच्या आतून जुन्या टायरचा तुकडा ठेवायचा आणि वर ट्यूब घालायची, जसं दुकानात करायचे.

मधल्या आकाराच्या भोकाला आता खेड्यातही इलाज मिळतो, आणि तो सायकलवाल्यांमुळे नव्हे. मोटरसायकली ट्यूबलेस झाल्या तशी हायवेच्या प्रत्येक पंक्चरवाल्याकडे चिकट दोऱ्याची पाकिटं आणि नेढ्याची जाड सुई आली. मेढ्याच्या बाजूला एकदा मागचा टायर गेला तेव्हा तिथल्या पोराने दोरा हातात घेतला, माझ्या टायरकडे पाहिलं, आणि ब्लेडने दोरा उभा चिरून निम्मा केला. सायकलीला अख्खा घातला तर भोक मोठं होतं, म्हणाला. हे त्याला कोणी शिकवलं होतं असं नाही. टिलिंगहास्टच्या वेळचे अमेरिकन कारागीर वेगवेगळ्या जाडीच्या गुंड्या ठेवत ते याचसाठी. दोरा बसला, हवा थांबली. पंप माझा मलाच मारावा लागला, कारण त्याच्या मशीनचं तोंड माझ्या बारीक फ्रेंच व्हॉल्व्हला बसत नव्हतं. तेवढं एक पितळेचं ॲडॉप्टर खिशात असलेलं बरं, वीस-तीस रुपयांना मिळतं.